नवसाचं सांबर

उन्हाळ्यात वणव्याने काळा पडलेला येऊरचा उतार आता हिरवा झालेला. तिथल्या कोवळ्या गवतावर सांबर येतं असं ऐकून मी कॅमेरा घेऊन गेलेलो, सोबत मित्र जयेश. पहाटेपासून आम्ही जळक्या सागाआड दबून बसलेलो. मुंग्या चावल्या तरी मी हललो नाही. शेवटी सांबर आलं, मान खाली घालून चरू लागलं. मी कॅमेरा डोळ्याला लावला, तोच शेजारी फाडकन आवाज झाला. जयेशने दगडावर नारळ फोडला होता. सांबर पसार.

"डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

"गावदेवीला नवस बोललेलो. सांबर दिसलं की तिथल्या तिथे नारळ." त्याने माझ्या हातावर खोबरं ठेवलं. "दिसलं ना?"

"आणि माझा फोटो?"

"फोटोचं आधी सांगायचंस ना रे. नवसात नुसतं दिसायचं होतं."