विसाव्याचं गवत

कोलकात्याजवळ, बजबजच्या बंद ज्यूट मिलमागे, नदीकाठी, बारा बिघे, म्हणजे चारेक एकर गवत होतं आणि त्या गवतावर शेफाली नस्करची चाळीस मेंढरं जगत होती. बुटकी, दलदलीत मजेत हिंडणारी, एका वेताला दोन-दोन कोकरं देणारी जात. पण त्यातली निम्मी कोकरं महिन्याभरात मरायची. जमीन कुठल्याशा सरकारी मंडळाची होती. वीस वर्षांत तिकडे कुणी फिरकलं नव्हतं.

फिरकला तो चारुदत्त. केंद्र सरकारच्या पशुसंवर्धन खात्यातला अधिकारी, बदलीवर कोलकात्यात आलेला, राहायला बेहालाला. त्यानं पाहिलं, मेंढरांनी गवत पार मुळापर्यंत कुरतडलंय. खुरटलेल्या गवताच्या बुडाशी जंत असतात. कोकरू जितकं खाली तोंड घालेल तितके जंत गिळेल. उपाय सोपा होता. कुरणाचे चार भाग करायचे, एका भागात पंधरा दिवस चारायचं, बाकीच्या तिन्ही भागांना विसावा. म्हणजे प्रत्येक भागाला पंचेचाळीस दिवस मिळतात, गवत गुडघाभर होतं आणि जंतही मरतात.

"समोर गवत असताना जनावर उपाशी ठेवू, बाबू? पाप लागेल," शेफाली म्हणाली.

"एक वर्ष माझं ऐका, मासी."

रविवारमागून रविवार माजेरहाटला लोकल पकडून तो जायचा, स्वतः दोर बांधायचा. बायको लीना चिडवायची, "यावेळी उंटावरून शेळ्या हाकत नाहीस तर!"

"मेंढ्या," तो सुधारायचा.

त्या हिवाळ्यात एकतीस कोकरांपैकी अठ्ठावीस जगली. शेफालीनं त्याला खजूरगुळाची ढेप दिली आणि त्याचा शब्द वेदवाक्य मानला. चारुदत्त हवेत होता. हवेत असलेल्या माणसाला पायाखालचं दिसत नाही, ते असं.

पुढच्या वर्षी दुर्गापूजेच्या आधी मंडळानं खात्याकडून जमिनीचा अहवाल मागवला. फॉर्ममध्ये रकाने दोनच होते : वापरात आहे, वापरात नाही. विसाव्याला रकाना नव्हता. चारुदत्तनं जन्मात खोटं लिहिलेलं नव्हतं. त्या दिवशी मेंढरं पहिल्या भागात होती. पहिल्या भागापुढे त्यानं सुवाच्य अक्षरात लिहिलं 'चराईखाली', बाकीच्या तीन भागांपुढे 'सध्या वापरात नाही'. सही ठोकली आणि विसरून गेला.

दोन महिन्यांत ते तीन भाग पत्र्यांनी बंद झाले. तिथे मालवाहू ट्रेलर उभे राहणार होते. त्यानं मंडळाला चार पत्रं लिहिली. चारही वेळा उत्तर एकच, 'आपल्याच अहवालानुसार'. माणूस आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतो म्हणतात. यानं तो शेफालीच्या पायावर पाडला होता. या विचारानं त्याला जेवण जाईना. चार रविवार तो तिकडे गेलाच नाही. कुठल्या तोंडानं जायचं?

पाचव्या रविवारी गेला. पत्र्याअलीकडे उरलेल्या एका भागाचेही शेफालीनं दोर लावून चार तुकडे केले होते. मेंढरं एका तुकड्यात, उघड्या मातीवर, दोराला छाती लावून ओरडत होती. दोरापलीकडे गवत हिरवंगार, गुडघाभर.

शेफाली काठी घेऊन दोरापाशी उभी होती. "हा अख्खा भाग चरून झाला होता. चरलेल्याला पंचेचाळीस दिवस म्हणाला होतात. आज बत्तीस झाले," ती म्हणाली. "आयांना दूध नाही, बाबू. नऊ कोकरं गेली. पण एकीलाही दोर ओलांडू दिला नाही."

चारुदत्त म्हणाला, "मासी, तो जमिनीचा कागद मीच लिहिला होता."

"काय लिहिलंत?"

"की तिकडे कुणी चरत नाही."

तिनं वळून पत्र्यांकडे पाहिलं. रागावली असती तर बरं झालं असतं.

"खरंच तर लिहिलंत," ती म्हणाली. "तुम्ही चरू दिलंच नाहीत." मग काठी त्याच्या हातात देत म्हणाली, "आता कुठल्या तुकड्याला विसावा देऊ, तेवढं सांगा."

त्यानं काठी खाली ठेवली आणि एकेक करून तिन्ही दोर सोडले. मेंढरं आत घुसली.

चार दिवसांनी तो पुन्हा गेला तेव्हा सगळीकडे माती दिसत होती. उरलेली कोकरं आयांच्या शेजारी उभी राहून, खुरटलेल्या गवताच्या अगदी बुडाशी तोंड घालून चरत होती.