चंद्रीचं पहिलं प्रसारण

मिझुरी राज्यातल्या बेकर्स फोर्क या गावात मृणालिनी सबनीसची ओळख एवढीच होती, की ती भूल देणाऱ्या डॉक्टरची बायको. उल्हास गावच्या हॉस्पिटलात दिवसभर पेशंटना झोपवायचा आणि मृणालिनीला घरी बसून आपोआपच झोप यायची. मुलगी दीपा शाळेत गेली की घर खायला उठायचं. त्यामुळे टेकडीवरच्या रेडिओ स्टेशनला फोन घ्यायला कुणीतरी हवंय असं कानावर आलं, तेव्हा ती साडीवर कोट चढवून थेट तिथे जाऊन उभी राहिली. लग्नाआधी तिने आकाशवाणीच्या सांगली केंद्रावर शेतकऱ्यांसाठी बाजारभाव वाचले होते. स्टेशनचा मालक हर्शेल प्रूट याला तेवढं पुरलं.

"आम्हीही तेच करतो," तो म्हणाला. "फक्त मध्येमध्ये गाणी लावतो."

गाणी कंट्री. म्हणजे बायको सोडून गेली, ट्रक बंद पडला, कुत्रा मेला. पहिले काही दिवस मृणालिनीला हसू आवरत नव्हतं. पुढे पुढे पोळ्या लाटताना तीच गाणी तिच्या तोंडी बसली. "अगं, तुझी बायको कुठे गेलीय सोडून?" असं उल्हास विचारायचा आणि ती त्याला लाटणं दाखवायची.

चौऱ्याऐंशी साली स्टेशनला पंचवीस वर्षं होणार होती. हर्शेलने तिला बोलावून घेतलं.

"मिना," तो म्हणाला, कारण मृणालिनी म्हणताना त्याची जीभ दर वेळी अडखळायची, "तू शिकलेली बाई. स्टेशनचा इतिहास लिही. आठवडाभर रोज सकाळी मी तो वाचून दाखवणार."

मृणालिनी हौसेने कामाला लागली. जुन्या लोकांना विचारलं, चर्चमध्ये विचारलं, केस कापायच्या दुकानात विचारलं. निघालं ते इतकंच: एका ट्रॅक्टर विकणाऱ्याला आपल्या जाहिराती फुकटात करायच्या होत्या, म्हणून त्याने स्टेशन काढलं. कंट्रीच का? तर त्याच्याकडे तेवढ्याच तबकड्या होत्या. पुढे तो वारला आणि स्टेशन हर्शेलने घेतलं. संपला इतिहास.

हर्शेलने तो वाचला, कागद उलटून मागची बाजूही पाहिली.

"हे तर सोमवारीच संपेल. आणि पेंडवाल्या दुकानाने आठवडाभराची जाहिरात दिलीय!"

"पण घडलंच नाही काही, तर मी काय करू?"

"नीट शोध की," असं म्हणून तो जेवायला गेला.

त्या संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून मृणालिनीने नीट शोधलं. म्हणजे डोळे मिटले. सांगलीला त्यांच्या शेजारी चंद्री नावाची एक गाय होती. काळीभोर, कपाळावर पांढरा चांद, आणि स्वभावाने अत्यंत आगाऊ. मृणालिनीने तिला उचललं आणि मिझुरीत आणून सोडलं. उद्घाटनाच्या दिवशी स्टुडिओचं मागचं दार उघडं राहतं, चंद्री आत शिरते, मायक्रोफोनसमोर उभी राहते आणि मनापासून हंबरते. लगेच फोन खणखणू लागतात: ही नवी गायिका कोण? फार दुःखी आवाज आहे. पुन्हा एकदा लावा!

टेबलापलीकडे गृहपाठ करणारी दीपा ते लिहिलेलं वाचून पोट धरून हसली. "आई, दॅट्स अ टोटल लाय!"

"लाय नाही गं. इतिहासाला थोडी फोडणी दिलीय."

बुधवारी सकाळी हर्शेलने ते आपल्या जाडजूड आवाजात, गंभीरपणे वाचलं. 'चंद्री'चं 'शँड्री' झालं, पण ते गावाला जास्तच पटलं. मृणालिनी फोनशी बसली होती. कुणीतरी चिडून विचारेल, मग आपण गंमत केली म्हणून सांगू, असं तिने ठरवलं होतं. पहिला फोन एका म्हाताऱ्या बाईंचा आला.

"बाई गं, किती दिवसांनी त्या गाईचं नाव ऐकलं! मी तेव्हा भांडी घासत होते. हातातली बशीच पडली."

गमतीचं सांगायचं राहूनच गेलं. दुपारपर्यंत वीसेक लोकांनी तो हंबरडा स्वतःच्या कानांनी ऐकला होता. एकाने त्यावर बायकोला मागणी घातली होती. रविवारी पाद्रीसाहेबांनी प्रवचनात शँड्रीचा दाखला दिला: देव कुणाच्याही तोंडून बोलतो. उल्हासच्या एका पेशंटने तर भूल चढता चढता गाईची सगळी हकिगत सांगितली आणि शेवटी तिच्या आठवणीने डोळे पुसले.

"मृणाल, आता हे आवर," उल्हास घरी येऊन म्हणाला.

पण आवरणार कसं? एवढ्यात भांडण पेटलं होतं. टटल नावाचा एक शेतकरी म्हणाला, शँड्री आमच्या गोठ्यातली. गेन्स म्हणाला, साफ खोटं, ती आमची, माझ्या बापाने तिला बाटलीने दूध पाजून वाढवलं. दोघांची शेतं शेजारी, दोघांच्या बायका एकाच चर्चमध्ये गाणाऱ्या. त्या बायकांनी एकमेकींशी बोलणं टाकलं. वर्धापनदिनाच्या मिरवणुकीत शँड्रीची वंशज म्हणून कुणाची गाय पुढे चालणार, यावरून दोघे हमरीतुमरीवर आले.

मृणालिनी घाबरली. ती हर्शेलच्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं.

"हर्शेल, ऐका. गाय नव्हतीच. मी रचलं ते सगळं."

हर्शेलने चष्मा काढला. त्याचा चेहरा पडला, पण ती समजली त्या कारणाने नाही.

"मिना, तू तेव्हा इथे होतीस का?"

"नाही. मी सांगलीला शाळेत होते."

"मग? गाय नव्हती हे तू कशावरून सांगतेस?"

मृणालिनी समोरच्या खुर्चीत बसली.

"आणि हे बघ," हर्शेल पुढे म्हणाला, "टटल आणि गेन्स आज इथे येतायत. निवाडा तू करायचा. इतिहास तुझा आहे."

ते दोघे आले. टोप्या हातात, माना ताठ, एकमेकांकडे पाठ. मृणालिनीने पदर सारखा केला. मनातली भीती कुठल्या कुठे गेली आणि तिथे जुनी खोडी येऊन बसली. सांगलीत शाळा बुडवून बाईंना कारण सांगताना जसा यायचा, तसा सरळ, निर्मळ आवाज तिला आपोआप लागला.

"मिस्टर गेन्स, गाय तुमचीच होती. तुमच्या वडिलांनीच वाढवली."

गेन्स फुलला. टटलने तोंड उघडलं.

"थांबा. पण त्याच सकाळी त्यांनी ती मिस्टर टटल यांच्या वडिलांना विकली होती. नवीन गोठ्याकडे नेताना ती दोर सोडवून पळाली आणि इथे शिरली. हंबरली ती जुन्या घराच्या आठवणीने. म्हणून तर आवाज इतका दुःखी लागला."

दोघे एकदमच एकमेकांकडे वळले.

गेन्सने हळूच मान हलवली. "खरंय. बापाला त्या व्यवहाराचा फार पस्तावा झाला होता. जेवला नव्हता त्या दिवशी."

"आणि माझा बाप दोर घेऊन गावभर धावत होता," टटल म्हणाला. "आत्ता आठवलं बघ. मी मागे धावत होतो."

दोघांनी हस्तांदोलन केलं. मिरवणुकीत दोन्ही गाई जोडीने चालल्या, गळ्यात झेंडूच्या माळा घालून. त्या माळा मृणालिनीने परसातल्या फुलांच्या ओवल्या होत्या. मागे उघड्या मोटारीत तिला बसवलं होतं, आणि लोक रस्त्याच्या कडेने "मिना! मिना!" असं ओरडत होते. इतक्या वर्षांत स्टेशनबाहेर डॉक्टरांच्या नावाशिवाय कुणी आपल्याला हाक मारली नव्हती, हे तिच्या लक्षात आलं, आणि तिने जरा जास्तच जोरात हात हलवला.

घरात मात्र एकजण नाराज होतं. दीपाला शाळेत गावाच्या इतिहासावर निबंध लिहायचा होता. प्रामाणिक मुलगी ती. तिने लिहिलं, की ही गाय माझ्या आईने आमच्या स्वयंपाकघरात बसून तयार केली. बाईंनी 'सी' दिला आणि खाली शेरा मारला: कल्पनाशक्ती छान, पण माहिती तपासून घेत जा.

"आई, कॉल हर! टेल हर द ट्रुथ!" दीपा रडकुंडीला आली होती.

मृणालिनीने फोन लावला आणि सगळं खरं खरं सांगितलं. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. मग त्या म्हणाल्या, "मिसेस सबनीस, तुमचा विनय मी समजू शकते. पण माझी आई त्या दिवशी तिथे हजर होती."

मृणालिनीने फोन खाली ठेवला.

"व्हॉट डिड शी से?" दीपाने विचारलं.

"गाय काळी नव्हती म्हणे," मृणालिनी म्हणाली. "तपकिरी होती."