समुद्राकडे पाठ

उजव्या कानामागे ओंजळीसारखा धरलेला तळहात आणि अर्धवट मिटलेले डोळे. वसंतामामा म्हटले की मला आधी हेच दिसते. सावनेरला कापसाचा व्यापार आणि बेशाला घर असलेला हा माणूस हिवाळ्यातला प्रत्येक रविवार पेंचच्या जंगलाला द्यायचा. सागाची पाने गळायची, कोवळे ऊन जमिनीपर्यंत उतरायचे आणि वानराच्या एका खाकरण्यावरून मामा वाघाची वाट सांगायचे. जंगल बघायचे नसते, ऐकायचे असते, हा त्यांचा ठाम सिद्धान्त.

मग त्यांचे कान गेले. यंत्र लावले तर भांड्यांचा खणखणाट तेवढा वाढला, वानर काही ऐकू येईना. मामांनी जंगल सोडले आणि खुर्ची धरली. त्यांचे ते गप्प बसणे आम्हाला बघवत नव्हते. शेवटी मामीने पदर खोचला आणि थेट अंदमानातल्या एका आडबेटाचा बेत ठरवला; तिथे वाळूतून कासवाची पिल्ले निघतात, असे तिने कुठेसे ऐकले होते.

होडीतून उतरलो तेव्हा उजाडत होते. एकीकडे अथांग सागर, दुसरीकडे निबिड अरण्य. आणि मामा समुद्राकडे पाठ करून झाडीसमोर बसले, तळहात कानामागे! मामीने त्यांचा खांदा हलवला, तोंडासमोर तोंड नेले.

"समुद्राकडे पाठ करून काहून बसले जी?"

"जनावर जंगलातूनच निघते वं."

आणि निघालेही तिथूनच. झाडीच्या कडेची वाळू किंचित खचली, ती आधी मामांनाच दिसली. कानामागचा हात हळूच खाली आला. बिस्किटाएवढी काळी पिल्ले वर आली आणि मामांच्या पसरलेल्या पायांच्या दोन्ही बाजूंनी तुरुतुरु समुद्राकडे निघाली. त्यांच्यामागे नजर वळवत मामांनी पहिल्यांदा समुद्राकडे तोंड केले.

"आवाज कसा येऊन राहिला यायचा?" मामांनी पिल्लांकडे बोट दाखवत विचारले.

मामीने दोन्ही हात हलवले. "आवाजच नाही जी!"

"म्हणजे तुमालेई नाही ऐकू येऊन राहिलं?"

मामा खदाखदा हसले. कितीतरी महिन्यांनी हसले. मला मात्र रडू आले.

आता रविवार पुन्हा पेंचचा झाला आहे. तळहात सवयीने कानामागे जातो, मग मामा तोच भुवईवर आडवा धरतात. कुठे वानर खाकरले तर मी लगेच सांगत नाही. मामांच्या नजरेला ते झाड सापडेपर्यंत थांबतो, आणि काळाने नेलेला तो आवाज तेवढा वेळ आम्हा दोघांच्या मध्ये येऊन बसतो.