वत्सलाबाईंच्या घरातलं ग्रीक क्रियापद

मी एक क्रियापद बोलतंय. ग्रीक, तेही प्राचीन. नाव कातोइकेओ. अर्थ, घर करून कायमचं राहणं. ग्रीक भाषेत घराला जो शब्द आहे, त्याच्या पोटी माझा जन्म. समुद्रापलीकडे नवी गावं वसायची तेव्हा माझ्यावाचून कुणाचं पान हलत नसे. पुढे भाषा बदलली आणि माझी जुनी रूपं जाड शब्दकोशांत जाऊन पडली.

युसूफ वडगाव या खेड्यात मला आणलं सुनितानं. ती शाळेत इतिहास शिकवते आणि हौसेनं मोबाइलवर ग्रीक शिकते. भाकरी थापता थापता माझी रूपं घोकते. "कातोइकेओ, राहते. कातोइकेसा, राहायला आले. कातोइकेका, वसले आणि अजून आहे." हे शेवटचं माझं लाडकं.

तिची आई वत्सलाबाई. त्यांचं अर्धं आयुष्य ऊसतोडीत गेलं. यंदा सुनितानं दोन पक्क्या खोल्या बांधल्या, तरी बाईंची भांडी पोत्यातच. लागेल तेवढं काढायचं, घासून परत आत. आई पुन्हा टोळीबरोबर जाईल, या धास्तीनं सुनिताच्या जिवाला घोर लागला होता.

"काय मंतर म्हनतीस गं?" बाईंनी एकदा विचारलं.

"घर करून कायमचं ऱ्हायाचं, आसं हाय त्यात."

"आन् उसाच्या फडावर पाचटाची कोपी बांधून ऱ्हानाऱ्याला काय म्हनत्यात?"

सुनितानं माझ्या भावंडाचं नाव सांगितलं. पारोइकेओ, परक्याच्या जागेत तात्पुरतं राहणं.

"त्योच माझा शबुद," बाई म्हणाल्या. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

दिवाळीनंतर मुकादम बंकट दारात उभा राहिला. "काकू, टोळी निघाली. चला."

सुनिताचे हात पिठातच थांबले.

"बाहीर कावून हुबा? आत ये की, बस," बाई म्हणाल्या. कोपीत वाकून शिरावं लागतं, तिथं कुणाला बस म्हणणार? चहाला कप हवे होते. ते पोत्याच्या तळाशी. बाईंनी सगळं पोतं फरशीवर ओतलं आणि पायात येतंय म्हणून एकेक भांडं फळीवर ठेवत गेल्या. चहा उकळेपर्यंत फळी भरली.

"मंग येताय न्हवं?" बंकटनं कप खाली ठेवला.

बाईंनी फळीकडं पाहिलं. "न्हाई रं. येवढं पुन्यांदा कोन भरील?"

बंकट एकटाच गेला. त्या संध्याकाळी माझी रूपं कुणी घोकली नाहीत. कुठला डबा कुठं ठेवायचा यावरून मायलेकी भांडत बसल्या, आणि मी फार सुखात होतं.

माझं एकच मागणं आहे. तुमच्या गावात कुणी पोतं न सोडता राहत असेल, तर त्याच्याकडे जा आणि चहा मागा.