तीन पाती आणि दोन हात

हत्याराची धार हीच सुताराची अब्रू, असं या धंद्यातले जाणते लोक सांगत आले आहेत. जाणते लोक म्हणजे या गोष्टीपुरता दादा. तो हे वाक्य तीस वर्षं दर शनिवारी उच्चारत असे, आणि हल्ली दादाची अब्रू दर पाच महिन्यांनी संपून नवी विकत आणावी लागत असे.

अब्रू मशीनमध्ये होती. फळी एकसारख्या जाडीची करणाऱ्या त्या रंधा मशीनच्या पोटात एक लोखंडी रूळ फिरतो आणि रुळात हातभर लांबीची तीन पाती असतात. पात्यांना धार लावायची तर शनिवारी, दुपारच्या जेवणाआधी, तेलाच्या दगडावर आणि दादानेच. वर्कशॉप दोघा भावांचं होतं. हिशोब, गिऱ्हाईक, भांडणं आणि मशीन धाकट्याकडे, धार दादाकडे. धाकट्यालाही आता छप्पन्न पूर्ण झाली होती, पण थोरला हयात असेपर्यंत धाकटा धाकटाच राहतो.

पूर्वी तीन पाती दीड वर्षं जात. गेल्या वर्षभरात मात्र झिजून झिजून त्यांच्या पट्ट्या व्हायला लागल्या. "हल्लीचं पोलादच नासकं," असं दादाचं निदान होतं. धाकटा मान डोलवायचा. खरं कारण त्याला ठाऊक होतं, कारण ते कारण तो स्वतःच होता.

झालं होतं असं, की दादाला नीट दिसेनासं झालं होतं. दादा तसं बोलला नव्हता. फळ्या बोलल्या. गुळगुळीत निघायच्या त्या फळ्यांवर लांबच लांब उभे वळ यायला लागले, म्हणजे पात्याला कुठेतरी खाच राहिली होती. पाती एका टोकाला निमुळती होऊ लागली. एका गिऱ्हाइकाने टेबलावरून बोट फिरवत विचारलं, "हे डिझाइन आहे का?" धाकट्याने सांगून टाकलं, "हो." पण असं दरवेळी कोण ऐकून घेणार?

दादाला सांगणं हा सरळ उपाय होता, म्हणून तो धाकट्याला झेपला नाही. वर्कशॉपात दादाकडे धारेशिवाय काहीच उरलं नव्हतं. तेही काढून घेतलं तर सकाळी नऊ वाजता तो डबा घेऊन यायचा कशाला? तेव्हा धाकट्याने युक्ती काढली. शनिवारी दादा धार लावायचा, आणि रविवारी वर्कशॉप बंद असताना धाकटा गुपचूप येऊन तीच पाती विजेच्या सहाणेवर पुन्हा घासायचा. घरी सांगायचा, भुसा झाडायला जातो.

"घरात कधी झाडू हातात धरला नाहीत," बायको म्हणायची, "आणि त्या भुशाला दर रविवारी आंघोळ! भुशाचं नाव तरी काय?"

तर अशी एका पात्याला आठवड्यातून दोनदा धार लागत होती. दगडही एवढा घासला तर झिजेल.

शेवटी दादानेच ठरवलं, की आता टिकाऊ पाती घ्यायची, आणि ती निवडायला तो स्वतः येणार. दोघे हत्यारांच्या दुकानात गेले. दुकानदाराला सगळे प्राध्यापक म्हणत, कारण त्याच्याकडे खिळा मागितला तरी आधी खिळ्याचा इतिहास मिळत असे. दादाने जुनं पातं काउंटरवर ठेवलं.

"पाच महिने! हे काय वय आहे का पात्याचं?"

प्राध्यापकाने पातं दिव्याखाली धरलं, भिंगातून पाहिलं, तिरकं केलं. धाकटा बाहेर रस्त्याकडे बघायला लागला.

"पोलाद चांगलं आहे," प्राध्यापक म्हणाला. "याला दोन जणांनी धार लावलीय."

"छे! एकच माणूस लावतो. मी."

"हे बघा. खाली या आडव्या खुणा दगडाच्या. त्यांच्यावर या उभ्या, त्या सहाणेच्या. एकाने लावलेली धार दुसऱ्याने पुसलीय. तुमच्याकडे कुणी वैरी आहे का?"

दादाने पातं चष्म्याजवळ नेलं, मग लांब धरलं. त्याला काही दिसलं नाही. त्याने धाकट्याकडे पाहिलं. तिथे मात्र सगळं दिसलं.

"रविवारी?"

"हं."

"कधीपासून?"

"झालं असेल वर्ष."

दादा स्टुलावर बसला. प्राध्यापक स्क्रूचा इतिहास न सांगता स्क्रूचे डबे उगाच सरळ करू लागला.

"मला वाटत होतं, माझा हात अजून शाबूत आहे," दादा म्हणाला. "दर सोमवारी फळी बघून मी मनात म्हणायचो, वा!"

"दादा, तुला वाईट वाटेल म्हणून…"

"वाटलं असतंच. दोन दिवस जेवलो नसतो. तिसऱ्या दिवशी जेवलो असतो. पण गाढवा, पाती तरी वाचली असती."

वयाची छप्पन्न पूर्ण झाल्यावर भर दुकानात गाढव म्हणवून घेताना धाकट्याला वर्षभरात पहिल्यांदा हलकं वाटलं.

"हं, दाखवा टिकाऊ," दादा प्राध्यापकाला म्हणाला.

दोन जाती होत्या. एक हायस्पीड पोलादाची. नेहमीच्यापेक्षा बरी, दगडावर धार लागणारी. दुसरी कार्बाइडची, टिकायला दसपट, पण खिळा लागला की टवका उडणार, आणि धार संपली की कारखान्यात हिऱ्याच्या चाकावर पाठवायची. घरच्या दगडाला ती दाद देत नाहीत.

"हायस्पीड घेऊ," धाकटा घाईने म्हणाला. "आपल्याला बरी पडतील."

"आपल्याला म्हणजे मला." दादाने कार्बाइडचा खोका पुढे ओढला. "ही द्या."

"मग तू शनिवारी काय करशील?"

"मशीनच्या मागे उभा राहून फळी धरीन. तिला धरायला डोळे लागत नाहीत. ती आपणहून येते अंगावर."

धाकट्याने पाती बसवली. पहिली फळी निघाली ती काचेसारखी. दादाने तिच्यावरून सावकाश तळवा फिरवला आणि "वा" म्हणाला. या खेपेला कुणाला म्हणाला, ते दोघांनाही माहीत होतं. शनिवारी तो जेवणाआधी तासभर मोकळ्या हातांनी दगडाजवळ बसून राहिला. धाकटा मशीनजवळून त्याच्याकडे बघत होता. मग दादाने दगड पुसला, फडक्यात गुंडाळला आणि भिंतीवरच्या फळीवर ठेवून दिला.

हे सगळं वहिनीच्या, म्हणजे दादाच्या बायकोच्या, कानावर गेलं. "यांना दिसत नाही हे तुम्हा सगळ्यांना माहीत, आणि मला शेवटी कळतं?" असं म्हणून तिने दादाला दंडाला धरून डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं.

मोतीबिंदू वगैरे काही नव्हता. चष्मा नऊ वर्षांचा होता. नंबर पावणेदोनने वाढला होता.