हरलेल्या सम्राटाचा पैसा

मी एक जुना काशाचा पैसा आहे. मित्रांनो, नाक मुरडू नका. अर्धे आयुष्य मी तेच पाहत आलो आहे.

मोसेल नदीकाठच्या टाकसाळीत मला तापवून ठशावर ठेवले आणि वरून घण घातला. अंगावर रोमच्या सम्राटाचा चेहरा उमटला. वर चांदीचा मुलामा, तोही कांद्याच्या पापुद्र्याएवढा! तेव्हा पाववाले, खाटीक मला हसून घेत. पुढे मुलामा गेला आणि सम्राटही गेला. त्याचे मुंडके भाल्यावर मिरवले. नव्या सम्राटाने हुकूम काढला, की जुन्याचा चेहरा ज्याच्याजवळ सापडेल तो राजद्रोही. लढाई हरला तो, आणि शिव्या खायच्या मी!

शेवटी मी बेलिका नावाच्या धोबिणीच्या कमरेला उरलो. तिच्याजवळ दुसरा पैसा नव्हता. नदीपलीकडे तिची लेक लिट्टा दोन दिवस बाळंतकळांनी तळमळत होती.

नावाडी सेनूरने मला उलटून पाहिले मात्र, इंगळी डसल्यासारखे मला तिच्या हातात परत टाकले.

"ए मावशे, माझी मान उडवायचीय का? तो शिपाई उभाय, दिसत नाही?"

"अरे, पोर मरेल माझी! पलीकडे सोड, महिनाभर तुझे कपडे धुते."

"धुणं नको नि तू नको. हो बाजूला!"

"मुडद्या, तुझ्या आईनंही कळाच सोसल्या ना?" असे म्हणून तिने मला चिखलात भिरकावले आणि पाठ फिरवली.

आता त्याची लबाडी पाहा. ती वळताच हा माझ्यासाठी वाकला! "वितळवला तर नावेला खिळा होईल," असे पुटपुटत चिखल चिवडू लागला. बेलिकाने मागे वळून ते पाहिले. तीही नावाड्याचीच लेक! एका उडीत नावेत चढली, काठी रोवली आणि नाव लोटली.

"चोर! पकडा!" सेनूर बोंबलला.

शिपाई धावत आला. "काय झालं? बाईनं पैसे दिले नाहीत?"

मी तोवर चिखलातून सेनूरच्या मुठीत आलो होतो, चेहऱ्यासकट.

"दिले," तो चाचरत म्हणाला. "दिले हो साहेब."

"मग बोंबलतोस कशाला?"

नाव पलीकडे लागली तशी बेलिका उतरून लेकीच्या घराकडे पळत सुटली. सेनूरने मूठ आणखी आवळली. मित्रांनो, जुन्या वस्तू जपाव्यात म्हणतात. इतके जपून मला कुणीच कधी धरले नव्हते.