भाजीच्या मांडवातलं निरूपण

वेदमाणिक्कम भागवतरांनी निरूपणाचा विषय ठरवला, की त्यांची बायको कनकाबाई आधी घरादारावरून एक नजर फिरवून घ्यायची. या खेपेला काय जाणार, याचा अंदाज यावा म्हणून.

भागवतरांचा नेमच तसा होता. जे गायचं ते आधी आठवडाभर जगायचं. झाडावर चढून बसलेल्या आणि मग अर्धं धन वाटून टाकणाऱ्या जकातदाराची कथा केली त्या वर्षी त्यांनी बांधावरचे दोन ताड आपणहून शेजाऱ्याला देऊन टाकले. हरवलेल्या मेंढराची केली तेव्हा कुणाचीतरी शेळी शोधत तांबड्या मातीतून तीन गावं पालथी घातली आणि ताप घेऊन परतले. शेळी आधीच घरी आली होती. "सगळं गमावून राखेत बसलेल्या त्या भल्या माणसाची कथा घेतलीत," कनकाबाईनं बजावून ठेवलं होतं, "तर मी त्याच दिवशी माहेरी जाईन." माहेर त्याच गल्लीत, चार घरं सोडून. पण धमकी ती धमकी.

किरुबापुरमच्या ख्रिस्ती देवळाचा प्रतिष्ठापनेचा सण चार दिवसांवर आला होता. सणाच्या दुसऱ्या दिवशी आसनम, म्हणजे अख्ख्या गावाची पंगत, आणि सणाच्या संध्याकाळी देवळात भागवतरांचं निरूपण. मृदंग, चिपळ्या, थोडं बोलणं, थोडं गाणं, मध्येच एखादी कोपरखळी, की पुन्हा गाणं. एकेचाळीस वर्षं हे चाललं होतं. तरुण पाळक मोटारसायकलवरून आले आणि ओट्यावर बसून म्हणाले, "अय्या, यंदा प्रभूची शेवटच्या जेवणानंतरची प्रार्थना घ्या. बापा, हे सगळे एक असू देत, ती."

भागवतरांच्या हातातला कॉफीचा पेला तसाच राहिला.

कनकाबाई आतून म्हणाली, "चला, या खेपेला स्वस्तात सुटलो. चार घरं चालत जायचं, बस्स."

"तू कॉफी आण," भागवतर म्हणाले.

"तुमच्या हातात आहे ती."

चार घरं सोडून तिचा धाकटा भाऊ राहायचा, तवसीमुत्तू. शिंपीकाम करायचा, आणि तीस वर्षं भागवतरांच्या मागे झील धरायचा. भागवतरांनी ओळ अर्धी सोडायची, तवसीमुत्तूनं वरच्या सुरात ती उचलून पुरी करायची, तेवढ्यात भागवतरांनी दम घ्यायचा आणि पुढचं वाक्य जुळवायचं. ऐकणाऱ्याला वाटायचं, एकच माणूस दोन गळ्यांनी गातोय.

दोन वर्षांपूर्वी तवसीमुत्तू गावाबाहेर पत्र्याच्या शेडमध्ये भरणाऱ्या दुसऱ्या पंथाच्या सभेत जायला लागला, आणि एके दिवशी ताम्रपर्णीच्या कमरेइतक्या पाण्यात उभा राहून त्यानं नव्यानं बाप्तिस्मा घेतला. त्याला तान्हेपणी देवळात बाप्तिस्मा दिला होता तो भागवतरांच्या वडिलांनी. ते तेव्हा इथले पाळक होते. अर्ध्या गावाच्या कपाळाला त्यांचा ओला हात लागला होता. एका लग्नाच्या मांडवात, भरल्या पंगतीत, भागवतरांनी मेव्हण्याला विचारलं, "माझ्या बाबांनी तुझ्या डोक्यावर ओतलं ते काय भांडी विसळलेलं पाणी होतं?"

तवसीमुत्तू शांतपणे म्हणाला, "पाण्याला कुठं नावं ठेवतोय, अत्तान? तेव्हा मी झोपलो होतो. या वेळी जागा होतो."

पंगत हसली. आणि बहिणीच्या नवऱ्याला 'अत्तान' म्हणून मारलेली ती पुढच्या दोन वर्षांसाठी त्याची शेवटची हाक ठरली. भागवतर पानावरून उठले ते उठलेच.

आता ते ओट्यावर चिपळ्या घेऊन बसले. सगळं नीट जुळत होतं. माडीवरची ती खोली, जेवण झालेलं, उष्टी भांडी तशीच पडलेली, एक शिष्य मघाशीच उठून अंधारात गेलेला. मग प्रभूनं वर पाहिलं. "बापा, यांना एक कर..." भागवतरांनी ओळ सोडली, दम घेतला आणि थांबले. गल्लीत एक कोंबडी फिरत होती. पुन्हा गायले, पुन्हा तिथेच थांबले. असं तीन दिवस चाललं.

तिसऱ्या दिवशी कनकाबाई तांदळाचं सूप घेऊनच दारात आली. "अहो, गळा बसलाय का?"

"गळा ठीक आहे. ओळ खोटी वाटतेय."

"ओळ खोटी नाहीय."

"कळतं मला!" भागवतर चिडले. "पण एक व्हायचं म्हणजे खऱ्याला खोटं म्हणून एक व्हायचं का? मी त्याच्या दारात गेलो, की झालं. बाबांचं पाणी वाया गेलं असं मीच कबूल केल्यासारखं होईल."

 कनकाबाईनं सुपातला एक खडा काढून अंगणात फेकला. "इतकी वर्षं मला वाटत होतं, ते पाणी प्रभूचं होतं. मामंजींचं होतं हे आज कळलं."

ती आत गेली.  वडील बाप्तिस्मा द्यायला उभे राहायचे तेव्हा त्यांचे हात कापायचे, हे भागवतरांना आठवलं. लहानपणी त्यांनी विचारलंही होतं, बाबा, तुमचे हात का कापतात? वडील म्हणाले होते, दुसऱ्याची वस्तू हातात धरली, की कापतातच.

त्यांनी खांद्यावर पंचा टाकला आणि ते चार घरं चालत गेले.

तवसीमुत्तू शिलाईच्या यंत्रावर होता. दारात सावली पडली तसा पाय थांबला, पण मान वर झाली नाही.

"झंपर शिवायचंय का?" त्यानं विचारलं.

"मला शोभेल?"

"दोन वर्षांत बारीक झालायत. बसेल."

भागवतर उंबऱ्यावरच टेकले. "उद्या निरूपण आहे."

"माहितीय. तीन दिवस एकच ओळ ऐकतोय. गल्लीतल्या पोरांना पाठ झाली. पुढची येत नाही म्हणतात म्हाताऱ्याला."

"पुढची तुझी आहे."

यंत्राचं चाक तवसीमुत्तूनं हातानं धरून ठेवलं. मग म्हणाला, "मी देवळात यायचा नाही. आमच्या पाळकांना शब्द दिलाय. आणि अत्तान, खोटं बोलत नाही, भीती वाटते म्हणून दिलेला नाही. मनापासून दिलाय. त्या नदीत मला काहीतरी झालं. तुम्हाला पटो न पटो."

"पटत नाही," भागवतर म्हणाले.

"मग कशाला आलात?"

 भागवतर उठले. जाता जाता म्हणाले, "भाजी चिरायला न येण्याचा शब्द दिलायस का?"

 यंत्र पुन्हा सुरू झालं.

आसनमच्या आदल्या संध्याकाळी देवळामागच्या मांडवात पोतीच्या पोती वांगी, कांदे आणि शेंगा ओतलेल्या असतात. तिथं कोण कुठल्या देवळाचा हे कुणी विचारत नाही. मोठ्या देवळाचे येतात, सभेतले येतात, अम्मन देवीच्या देवळाच्या गल्लीतल्या बायकाही आपापली विळी घेऊन येतात. भागवतर मेव्हण्याच्या दारातून तडक पाळकांकडे गेले आणि म्हणाले, "निरूपण देवळात नको. भाजीच्या मांडवात करतो."

देवळाच्या कमिटीतले एक वडीलधारे तिथं बसले होते, ते उसळलेच. "वांग्यांच्या देठांत? प्रतिष्ठेचं निरूपण? उद्या मासळीबाजारात कराल!"

"मासळीवाल्यांनाच तर आधी बोलावलं होतं प्रभूनं," भागवतर म्हणाले. "आणि ही प्रार्थना त्यानं मंदिरात केलीच नाही, अय्या. जेवणं झाल्यावर, खरकट्या भांड्यांमध्ये केली. आम्ही निदान स्वच्छ भांडी ठेवतोय."

तरुण पाळकांनी हसू दाबलं आणि म्हणाले, "करा."

दुसऱ्या दिवशी उन्हं कलली तशी मांडवात बायकापुरुष दाटीवाटीनं बसले. पितळी पातेल्यांतल्या पाण्यात वांग्याच्या फोडी पडत होत्या. भागवतरांनी चिपळ्या उचलल्या, मृदंग बोलला, आणि निरूपण सुरू झालं. सुरुवातीला लोक चिरता चिरता ऐकत होते, मग ऐकता ऐकता चिरायला लागले. प्रभू शिष्यांचे पाय धुतो तो प्रसंग आला तेव्हा भागवतर म्हणाले, "पेत्र म्हणतो, माझे पाय नको! का? तर पायातल्या भोकं पडलेल्या वहाणांची लाज." बायका खुदखुदल्या. भागवतरांची नजर मात्र सारखी मांडवाच्या कडेनं फिरत होती. अर्ध्या सोडलेल्या ओळी मृदंगवाला कसाबसा सावरत होता. त्याचा आवाज म्हणजे गाडीचा ब्रेक.

मग कांद्यांच्या ढिगामागं त्यांना ओळखीची पाठ दिसली. पंचा डोक्याला गुंडाळून, मान खाली घालून तवसीमुत्तू कांदे चिरत होता. कधी आला होता कुणास ठाऊक.

त्याला पाहून भागवतर जरा वाहवले. "माझ्या माणसांनो," ते म्हणाले, "मी भांडलो. पाण्यावरून भांडलो! कपाळावरचं पाणी काय नि नदीतलं पाणी काय, सगळं एकच. काही फरक नाही. मी उगीच—"

"फरक आहे."

कांद्यांच्या ढिगामागून आवाज आला होता. सुऱ्या थांबल्या. तवसीमुत्तू हातात सुरी घेऊन उभा राहिला होता, डोळे लाल, पंचा घसरलेला.

"फरक आहे, अत्तान. मला वाटतो. आणि तुम्हालाही वाटतो, काल दारात बोललात तुम्ही. मग इथं माणसांपुढं खोटं का बोलता? मला बरं वाटावं म्हणून? मला त्यानं बरं वाटत नाही."

कमिटीचे वडीलधारे अर्धवट उठले. पाळकांनी त्यांच्या धोतराचं टोक धरून त्यांना खाली बसवलं.

 एकेचाळीस वर्षांत भागवतरांना निरूपणात कुणी अडवलं नव्हतं. रागावायचं का, हे ते शोधायला गेले आणि आत राग सापडलाच नाही. सापडलं ते वेगळंच. हा माणूस दोन वर्षं गप्प होता, आणि आत्ता त्यांच्याशी बोलत होता.

"खरंय," ते हळूच म्हणाले. मग मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं: "खरंय याचं. मला फरक वाटतो. माझं मत अजून तेच आहे, आणि हा चुकलाय असंच मी मानतो."

"आणि मी तुम्ही चुकलाय असं मानतो," तवसीमुत्तू म्हणाला.

"मग भागलं का?" पुढून एका म्हातारीनं विचारलं. "वांगी काळी पडतील."

मांडव हसला. भागवतरही हसले, आणि हसता हसता एकदम थबकले. तीन दिवस जी ओळ अडली होती ती त्यांना आतून दिसली.

"थांबा," ते म्हणाले. "आपण म्हणतो ना, बाप आणि पुत्र एक आहेत? तान्ह्या पोरालाही शिकवतो. मग त्या संध्याकाळी माडीवर पुत्र बापाशी बोलतोय कसा? बोलायला दोघं लागतात! एक होणं म्हणजे गप्प होणं नव्हे, माणसांनो. तसं असतं तर ही प्रार्थनाच झाली नसती. मी दोन वर्षं या माणसाशी बोललो नाही आणि त्याला सत्य सांभाळणं म्हणत होतो. आज सत्य यानं सांभाळलं, कांदे चिरता चिरता."

त्यांनी चिपळ्या वाजवल्या आणि गायले, "बापा, यांना एक कर..."

त्यांनी ओळ सोडली नाही. तवसीमुत्तूकडे पाहिलं आणि हात पुढं केला, ये म्हणून. तवसीमुत्तूनं सुरी ढिगावर ठेवली, ओले हात पंच्याला पुसले आणि पातेली ओलांडत पुढं आला. शेजारी उभा राहून म्हणाला, "सूर खाली घ्या. दोन वर्षं गायलो नाहीय असं."

"माझाही खालीच गेलाय," भागवतर म्हणाले.

मग दोघं गायले, खालच्या सुरात. दोघांचेही गळे जागोजाग फाटत होते, आणि मांडवातल्या बायका तोंडानं ओळ धरून हातानं वांगी चिरत होत्या. त्या संध्याकाळी निरूपण इतकं लांबलं की भाजी कधीच चिरून झाली. मग लोक रिकाम्या हातानं ऐकत बसले.

दुसऱ्या दिवशी पंगतीत दोघं शेजारी बसले. केळीच्या पानावर भात आला, मटणाचा रस्सा आला, वांग्याची भाजी आली. कनकाबाई वाढत होती, आणि कुणाकडे न बघता दोघांच्याही पानांत नळ्या टाकून गेली.

"आमच्या पाळकांनी सकाळीच गाठलं मला," तवसीमुत्तू म्हणाला. "देवळात गेला होतास का, म्हणाले."

"मग?"

"म्हटलं, कांदे चिरायला गेलो होतो. तिथं अत्तान खोटं बोलायला लागले म्हणून उभं राहावं लागलं."

"काय म्हणाले?"

"बरं केलंस म्हणाले. पुढच्या खेपेला मीही येतो म्हणाले, कांदे चिरायला." त्यानं नळी फोडली. "पण नदीचा मुद्दा तुम्ही सफाईनं टाळलात हं काल. मला काय झालं तिथं, ते एकदाही विचारलं नाहीत. पाण्यात उतरलो तेव्हा..."

वेदमाणिक्कम भागवतरांनी हातातला घास पानावर ठेवला. ते त्याच्याकडे वळून नीट मांडी घालून बसले.

"बोल," ते म्हणाले. "ऐकतो."